शिस्तीची भेग

"पट्टी द्या, ब्रदर लामार. मी जाते," ब्रिन म्हणाली आणि लामारचा हात खिशातच राहिला.

शिखराच्या कडेला बैठ्या घराएवढी पांढऱ्या वालुकाश्माची शिळा होती. ती आणि डोंगर यांच्यामध्ये भेग, भेगेच्या दोन्ही काठांवर पोलादी खुंट्या. दर वसंतात कॅन्यनच्या अरुंद दरीतून वर चढायचं, शिळेवर उतरायचं, खुंट्यांमधलं अंतर मोजून वहीत लिहायचं, एवढंच लामारचं काम. एकोणीस वर्षं तो ते करत होता. त्यातली शेवटची अकरा ज्युनिपरच्या झाडाखाली बसून.

अकरा वर्षांपूर्वी शिळेवर त्याला पायाखाली काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. सरकलं नसेलही. पण तेव्हापासून तो झाडाखाली सँडविच खायचा, मागच्या आकड्यात अर्धा मिलिमीटर घालायचा आणि उतरायचा. आलेखाची सरळ रेघ पाहून राजधानीतले भूशास्त्रज्ञ खूश होते. युटा राज्यातली सगळ्यांत शिस्तीची भेग, असं त्यांनी अहवालात लिहिलं. त्या शिस्तीच्या भरवशावर तीन वर्षांपूर्वी शिळेच्या बरोबर खाली, नदीकाठी, तंबूंची छावणी झाली.

आता लामार निवृत्त होत होता आणि काम ब्रिनकडे जाणार होतं. चर्चमधल्या रविवारच्या वर्गात तिला खरं बोलायला त्यानेच शिकवलं होतं.

"बसा की आज," ती हसली. "भेग काही पळून जात नाही."

"शिळेवर पाय ठेवू नकोस."

"का?"

गेल्या आठवड्यात पाऊस झाला होता, आणि भिजून ठिसूळ झालेल्या वालुकाश्मावर त्या भागात कोणी दोर बांधून चढतही नाही. हे कारण तयार होतं, खरंही होतं. पण ते सांगितलं असतं तर ती पुढच्या आठवड्यात, खडक वाळल्यावर, एकटी आली असती.

"किती रुंद झालीय, मला ठाऊक नाही," तो म्हणाला.

"वहीत आहे ना. साडेएकेचाळीस मिलिमीटर."

"ते मी झाडाखाली लिहिलं. अकरा वर्षांचे सगळेच आकडे."

ब्रिनने दोर काढला, एक टोक ज्युनिपरला आणि दुसरं त्याच्या कमरेला बांधलं. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

तो पोटावर सरपटत भेग ओलांडून शिळेवर गेला. कोपराखालचे वाळूचे कण भेगेत घरंगळले. आपटल्याचा आवाज येईल म्हणून त्याने कान दिला. आला नाही. त्याने पट्टी दोन्ही खुंट्यांना लावली.

"लिही. एकशे अठरा." मग जरा थांबून, "वायरलेस लाव, छावणी उठव. कोणी विचारलं तर माझं नाव सांग."

तिने वायरलेसवर सांगितलं. त्याने अकरा वर्षांत पहिल्यांदा खाली पाहिलं. तंबू शर्टाच्या गुंड्यांएवढे दिसत होते. एक मिटला, मग दुसरा, मग भराभर. निळा तेवढा हलेना.

"आता या इकडे," ब्रिन म्हणाली. कमरेचा दोर ताणला गेला.

उठताना धक्का बसला तर शिळा सुटेल म्हणून तो श्वासही अर्धाच घेत होता.

"थांब," तो म्हणाला. "एक राहिलाय."