पिचर म्हणजे घागर

कोरा टिबेटबाईंच्या पत्राला मी तीन वर्षे उत्तर दिले नाही. कारण सांगायला आजही लाज वाटते.

औंढ्याच्या वाचनालयात माझी नोकरी झाली. हिंगोलीच्या रद्दीतून आणलेल्या एका इंग्रजी पुस्तकात वर्तमानपत्राचे कात्रण सापडले : अमेरिकेतल्या एका गावचा थोर ‘पिचर’ अमोस टिबेट वारला. शब्दकोशात पिचर म्हणजे घागर. मला वाटले, कुंभार असावा. कुंभारासाठी अर्धे पान छापणारे गाव! मी तिथल्या वाचनालयाला पत्र टाकले, त्यांच्या घागरी कोणत्या मातीच्या होत्या?

उत्तर आले ते अमोसच्या नातीचे, या कोराबाईंचे. वय शहाऐंशी. आजोबांनी घागर कधी घडवली नाही, ते बेसबॉलमध्ये चेंडू टाकत; त्या खेळाडूलाच पिचर म्हणतात. मक्यातले कावळे दगडाने हाकणारा हा मुलगा १९०३ साली पगारी खेळाडू झाला. नऊ इनिंगचा सामना लांबला तेव्हा एका दुपारी सलग अठरा इनिंग एकट्याने चेंडू टाकला, समोरच्यांना एकही धाव मिळू दिली नाही. एकतिसाव्या वर्षी खांदा गेला. म्हातारपणी त्यांचे केस ही नात विंचरायची. शेवटी लिहिले होते, “त्यांना पाहिलेली मी एकटीच उरले. तुम्हाला ते कसे दिसतात, कळवाल?”

मला खेळातले काय कळते? आणि घागरी विचारणाऱ्याने पुन्हा कोणत्या तोंडाने लिहावे?

परवा सिद्धेश्वरच्या कालव्याकडे थोरल्या बहिणीच्या, मंजुळाअक्काच्या शेतावर गेलो. सून शिला अक्काची वेणी घालून राखणीच्या माळ्यावरून उतरत होती. अक्काचा उजवा हात आता डोक्यापर्यंत जात नाही. तरी ज्वारीवर थवा येताना दिसला तशी अक्काने गोफणीत खडा घातला. एक फेरा, दुसरा. टाच, कंबर, खांदा एका ओढीत आले, आणि लांबच्या बाभळीची तिने हेरलेली नेमकी तीच फांदी हलली. थवा वळला. मला अमोसचा खांदा आठवला. असे अठरा इनिंग!

“अक्का, हात दुखत न्हाई?”

“विंचरताना दुखतो. फेकताना त्याला दुखायला टाइम कुठं हाय?”

मी तिला अमोस पुन्हा सांगितला.

“तुजा तो घागरीवाला व्हय? अजून जवाब न्हाई धाडला? काहून?”

“इंग्रजी चुकलं तर हसतील, अक्का.”

“हसू दे की! म्हातारी आजाची वाट बघून राहिली, अन् तू शब्द निवडून राहिला.”

घरी येऊन मी अक्काचा हात लिहिला. गोफणीला कोशात शब्द होता, पण या वेळी शेजारी चित्रही काढले. खाली लिहिले, “तुमचे आजोबा मला असे दिसतात.”

बाई आता एकोणनव्वद वर्षांच्या असतील. आज सकाळी पोस्टात पाकिटावर शिक्का बसेपर्यंत मी खिडकीशी उभा राहिलो.