हिरव्या पानाची गाडी

आमच्या विजेवरच्या बसचा संसार दोन घरांचा आहे. गाडी कंपनीची, ड्रायव्हर कंपनीचा. तिकीट पालिकेचं, कंडक्टर पालिकेची, म्हणजे मी. रस्ता नक्की कोणाचा हे अजून ठरायचंय, त्यामुळे खड्डे तूर्तास दोघांत सामायिक आहेत. याला भागीदारी म्हणतात. त्यात ड्रायव्हर म्हणून देवाने मला नेमका माझा धाकटा दीर दिला. म्हणजे घरी जे भांडण अर्धं राहतं, ते पूर्ण करायला गाडी आहेच.

भाऊजींच्या पुढ्यात एक छोटा पडदा आहे आणि त्यावर एक पान. गाडी अलगद चालवली, वीज वाचली, की पान हिरवं. ब्रेक मारला, पुन्हा वेग घेतला, की लाल. संध्याकाळी कंपनी तेवढं पान बघते. त्या पानाच्या प्रेमात हा माणूस आकंठ बुडाला होता. लग्नासाठी दाखवलेल्या मुलीकडेसुद्धा त्याने कधी इतकं टक लावून पाहिलेलं नाही.

आता अडचण अशी, की बस थांबवायची तर ब्रेक मारावा लागतो. त्यामुळे थांब्यावर एखाददुसरंच माणूस असलं, की भाऊजींना ते दिसेनासं व्हायचं. मी घंटी द्यायची, आणि गाडी मांजरासारखी आवाज न करता पुढे निघून जायची.

"अहो भाऊजी, माणूस हात दाखवत होता!"

"वहिनी, एका माणसासाठी एवढी मोठी गाडी थांबवायची? पर्यावरणाचा काही विचार कर."

"आणि रिकामी फिरवायची ती कोणाच्या भल्यासाठी? झाडांच्या?"

त्यावर ते आरशात बघून भांग नीट करायचे. कंपनीने त्यांना उत्तम चालक म्हणून ढाल दिली. पालिकेने मला त्याच आठवड्यात मेमो दिला, की गाडी रिकामी का धावते. दोन्ही एकाच गाडीबद्दल, पण एकमेकांना विचारायची पद्धत नाही.

मग बातमी आली, की पालिका आणि कंपनीची संयुक्त बैठक होणार आणि प्रवासी वाढले नाहीत तर मार्ग बंद. माझं काय, मी कायम आहे, दुसरी गाडी मिळेल. भाऊजी मात्र या मार्गापुरतेच कंत्राटावर. मार्ग गेला की तेही गेले. आधीच्या एका नोकरीत त्यांचं साहेबाशी पटलं नव्हतं आणि दुसरीत साहेबच पळून गेला होता. ही टिकली म्हणून सासूबाई अलीकडे कुठे निवांत झोपायला लागल्या होत्या. हे सगळं मी भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "ज्याचं पान हिरवं, त्याला कंपनी हात लावत नाही." 

दोन दिवसांनी दवाखान्याजवळच्या थांब्यावर एक बाई उभ्या होत्या. एका हातात पिशवी, दुसरा हात वर. मी घंटी दिली. गाडी पुढे. मी पुन्हा दिली. गाडी आणखी पुढे.

"एकच तर बाई होती," भाऊजी म्हणाले.

"हो, एकच. तुमची आई."

असा ब्रेक मी उभ्या जन्मात अनुभवला नव्हता. दारापाशी उभे असलेले आजोबा थेट पुढच्या बाकावर जाऊन बसले. भाऊजी उतरले आणि पळत मागे गेले. सासूबाई दवाखान्यात गुडघ्याचा व्यायाम करून घरी निघाल्या होत्या. भाऊजींनी त्यांना हाताला धरून चढवलं, पिशवी स्वतः घेतली.

"आई, खरंच दिसलं नाही मला."

"असू दे रे," सासूबाई बाकावर टेकत म्हणाल्या. "गेल्या आठवड्यातही नव्हतं दिसलं. त्याच्या आधीही नाही."

"मग घरी बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुझी नोकरी आहे. वाटलं, आमच्यासाठी थांबायचं नाही असा नियम असेल."

भाऊजी पिशवी आईच्या पायाशी ठेवून आपल्या जागेवर जाऊन बसले. मला पुढचं तिकीट फाडताना नीट दिसेना, तेव्हा मी उगाच खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या दिवसापासून ते सगळीकडे थांबू लागले. बुटाची नाडी बांधायला वाकलेल्या माणसासाठीही थांबले. त्याला कुठे जायचंच नव्हतं, पण इतक्या आग्रहापुढे तो बिचारा चढला. गाडी भरायला लागली आणि पान जे लाल झालं ते झालंच.

बैठकीला आम्हा दोघांना बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला कंपनीचे साहेब, दुसऱ्या बाजूला पालिकेच्या बाई.

"वीज एवढी कशी वाढली?" साहेबांनी विचारलं.

"प्रवासी एवढे कसे वाढले?" बाईंनी विचारलं.

दोघांनी माना वळवून पहिल्यांदाच एकमेकांचे कागद पाहिले. तरी साहेबांनी हट्ट सोडला नाही. "दवाखान्याच्या थांब्यावर तर रोज लाल. तिथे एवढं कोण असतं?"

"आई असते, साहेब," भाऊजी म्हणाले.

"रोज?"

"माझी आठवड्यातून एकदा. बाकीचे दिवस दुसऱ्या कोणाची तरी."

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. मग बाई पेन उचलून म्हणाल्या, "वीज गाडीमागे कशाला मोजायची? माणसामागे मोजू." तसं मोजलं तर आमची गाडी सगळ्यांत काटकसरी निघाली. मार्ग राहिला आणि भाऊजीही राहिले.

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता वहिनी कौतुक करणार. मला त्यांचा अभिमान वाटत होता. पण हे तोंडावर सांगितलं तर महिनाभर घरात राहणं कठीण.

"बघताय काय?" मी म्हटलं. "गाडी काढा. लोक खोळंबलेत."