मंगळवारचा चौथा भिडू

"मिस लेटिस, पान टाकताय की अंडं उबवताय?" मेजर स्टकली म्हणाले.

लेटिस एमरीने दचकून चौकटची दुर्री टाकली. अठरा वर्षं ती दर मंगळवारी संध्याकाळी मिसेस गार्लंडच्या बाथ शहरातल्या दिवाणखान्यात व्हिस्ट खेळायला बसत होती, आणि तिच्यापायी डाव खोळंबला असं कधी घडलं नव्हतं. खेळ तिचा बिनचूक. म्हणून तर बोलावणं यायचं. पत्त्यांना चौथं माणूस लागतंच, आणि पन्नाशीला टेकलेली, बिनलग्नाची, दोनच झगे आलटून पालटून घालणारी बाई चौथी म्हणून बरी पडते. तिला दुसरीकडचं आमंत्रण कधी आडवं येत नाही. मंगळवारी चार माणसांत बसायला मिळतं, एवढ्या जोरावर लेटिस उरलेले सहा दिवस ढकलायची.

आज तिचं लक्ष उडालं ते नव्या भिडूमुळे. मिसेस गार्लंडचा भाचा, लेफ्टनंट अँब्रोज, आपल्या दोस्ताला घेऊन आला होता. मिस्टर सेल्बी. शेलाटा, गुळगुळीत गालांचा, उंच कॉलरचा पोरगा. पानं कापून जोड्या ठरल्या तेव्हा तो लेटिसच्या वाट्याला आला. पहिला हात जिंकल्यावर त्याने ती चार पानं पालथी ठेवली आणि त्यांवर करंगळीने दोनदा टकटक केलं.

ही खोड लेटिसच्या वडिलांची. ते खेड्यातल्या चर्चचे पाद्री. हात जिंकला की असं करायचे, आणि त्यांचं पाहून दोघी मुलीही करायच्या. लेटिसची सवय मिसेस गार्लंडनी पहिल्याच महिन्यात मोडून काढली. उरली तिची धाकटी बहीण सुझन.

पण सुझन तर बावीस वर्षांपूर्वी तापाने वारली होती. अख्ख्या बाथला हे ठाऊक होतं, कारण लेटिसनेच ते सांगितलं होतं. खरं तर सुझन एका नटाबरोबर पळून गेली होती. "मेली ती आपल्याला," असं वडील म्हणाले, आणि घराने तेच धरून ठेवलं. वडील गेल्यावर लेटिसला तिची तीन पत्रं आली. तिने ती झिजेपर्यंत वाचली, उत्तर मात्र एकालाही दिलं नाही. मेलेल्या बहिणीला पत्रं लिहिणारी बाई मिसेस गार्लंडच्या टेबलाशी कशी बसणार?

चहा आला. बाकीचे केककडे वळले तशी लेटिस कप घेऊन खिडकीशी गेली. सेल्बी जणू वाटच बघत होता, तो मागोमाग आला.

"ती टकटक तुम्हाला कुणी शिकवली?" तिने विचारलं.

"आईनं. आजोबांची खोड आहे म्हणायची."

लेटिसने कप खिडकीत ठेवला. "म्हणजे तू सुझनचा मुलगा."

"मुलगी," पोरगा हळूच म्हणाला. "कानांची भोकं मेणानं बुजवलीयेत, नीट बघ ना. मी क्लेमन्सी, मावशी."

मावशी! या नावाने तिला आजवर कुणी हाक मारली नव्हती. लेटिसला इतका आनंद झाला की तिला भीतीच वाटली.

"अगं, पण हा काय अवतार?"

"ब्रिस्टलला नाटकात मी पुरुषांचीच कामं करते. परवा अँब्रोजचं नि माझं लग्न आहे, आणि तसेच त्याच्या पलटणीबरोबर बोटीनं सातासमुद्रापार हॅलिफॅक्सला निघणार. त्याच्या आत्यानं नटीला उंबऱ्यात तरी उभं केलं असतं का? आज तिला कळलं तर कर्नलला एक चिठ्ठी जाईल. तो लग्नाची परवानगीच देणार नाही, मग अँब्रोज बोटीवर आणि मी धक्क्यावर."

"मग कशाला आलीस, वेडे?"

"तुला बघायला. आई म्हणायची, एकदा जाऊन बघ तरी, ताई आता कशी दिसते."

"मग तिलाच का नाही आणलंस?"

क्लेमन्सीने कप खाली ठेवला. "सप्टेंबरात गेली ती. छातीचं दुखणं होतं. शेवटपर्यंत टपालाची वाट बघत होती... हे सांगणार नव्हते मी तुला."

लेटिसने खिडकीची चौकट धरली. रडावं म्हटलं तर मागे सगळी मंडळी उभी. आणि काय सांगून रडायचं? सुझनच्या नावाने मिळायचं ते सांत्वन तिने कधीच घेऊन संपवलं होतं. सुझन जिवंत असताना.

"मिस लेटिस, येताय ना?" मिसेस गार्लंडनी हाक मारली.

डाव पुन्हा सुरू झाला. हुकूम इस्पिक. मेजर मात्र पानांपेक्षा सेल्बीकडेच जास्त बघत होते.

"मी तुम्हाला कुठंतरी पाहिलंय, मिस्टर सेल्बी."

"माझ्यासारखे पुष्कळ असतात, मेजरसाहेब."

"छे! चेहरा मी विसरत नाही. ब्रिस्टल! मागल्याच महिन्यात..."

"ब्रिस्टलला तुम्ही नाटकाला गेला होतात ना?" मिसेस गार्लंडनी बदामाचं पान उतरत सहज विचारलं.

"नाटक! बरोबर. त्यात एक..." मेजरनी बोट वर केलं आणि डोळे मिटले.

शेकोटीशी उभ्या अँब्रोजचा चेहरा पांढराफटक पडला. क्लेमन्सी पानांकडे बघत राहिली.

मेजर स्टकलींना लेटिस अठरा वर्षं ओळखत होती. खेळाचा नियम मोडलेला दिसला की त्या माणसाला तहानभूक राहत नसे. आणि व्हिस्टमध्ये सगळ्यांत लाजिरवाणी चूक एकच. उतरलेला रंग हातात असताना दुसरा रंग टाकायचा. शिक्षा तीन हातांची. अशी चूक पोरं करतात, दारुडे करतात, नाहीतर लबाड.

लेटिसच्या हातात तीन बदाम होते. तिने इस्पिकची सत्ती टाकून हात जिंकला, आणि सगळ्यांना दिसेल अशी पुढची उतारी बदामाचीच केली.

"थांबा!" मेजर खुर्चीतून उठलेच. "बदाम? आत्ता तर तुम्ही बदामावर हुकूम मारलात! बाईसाहेब, पाहिलंत?"

"मिस लेटिस, तुम्ही?" मिसेस गार्लंडना खरंच धक्का बसला होता.

"होते माझ्याकडे बदाम," लेटिस म्हणाली. "दिसलेच नाहीत मला."

"दिसले नाहीत म्हणे!" मेजरनी तीन हात आपल्याकडे ओढले, कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं, आणि मग जिब्राल्टरच्या छावणीत अशाच एका चुकीपायी कसं द्वंद्व होता होता राहिलं, त्याची गोष्ट लावली. ती डाव संपेपर्यंत पुरली. ब्रिस्टलचं नाव पुन्हा निघालं नाही.

निघताना मिस्टर सेल्बीने वाकून लेटिसचा हात ओठांना लावला आणि रीतीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवला. दाराशी सगळेच उभे होते. लेटिसला ती हाक आणखी एकदा ऐकायची होती. "गुड नाइट, मॅडम," असं म्हणून तो पायऱ्या उतरला.

मिसेस गार्लंडनी तिला शाल स्वतःच्या हाताने पांघरली. "फार दमलेल्या दिसता हो. पुढल्या मंगळवारी विश्रांतीच घ्या. मिस पिंकनी केव्हाची विचारतेय, तिला बसवू." त्या अगदी मायेने बोलत होत्या, आणि लेटिसला तेच जास्त लागलं.

गुरुवार, लग्नाचा आणि बोटीचा दिवस, गेला. शुक्रवार, शनिवार गेले. मंगळवारी सहाच्या सुमाराला तिची घरमालकीण, मिसेस टगवेल, कोळशाची बादली घेऊन वर आली आणि दारातच थबकली.

"हे काय, आज जायचं नाही? आणि हा काळा झगा? कोण गेलं?"

"माझी बहीण. सुझन."

"अरे देवा! कधी?"

"सप्टेंबरात. एका नटाशी लग्न केलं होतं तिनं." बावीस वर्षांत हे वाक्य लेटिसने एकदाही उच्चारलं नव्हतं. ते इतकं साधं आहे, याचंच तिला नवल वाटलं. "तिची मुलगीही नाटकात काम करते."

मिसेस टगवेलच्या भुवया वर गेल्या, पण तिने बादली खाली ठेवली, हात एप्रनला पुसले आणि खुर्ची ओढून समोर बसली.

"कशी होती हो दिसायला?"



"मला ती एकोणीस वर्षांची तेवढी माहीत आहे," लेटिस म्हणाली.