राणीला सुतक नाही

दिवाळी झाली की आमच्या वैनगंगेकाठच्या गावात मंडईची जत्रा भरते आणि रात्री दंडारीचं नाटक होतं. दंडारीतली राणी एकच, लटारू ढिवर. एरवी डोंग्यात बसून तलावात जाळं टाकणारा माणूस, पण मिशी नाही आणि केस कमरेपर्यंत. पाणवठ्यावर बाया त्याच्या बायकोला, मनकर्णेला, छेडत, "तुह्या घरी सवत हाये वं, अना तिचे केस तुह्याहून लांब!" मनकर्णा हसायची. त्या सवतीला तेल-शिकेकाई तिच्याच हातची.

केस वाढत लटारूच्या डोक्यावर, मालकी मात्र गावाची. त्याचा बाप वारला तेव्हा पंच बसले. न्हाव्याने एक बट कापावी आणि त्यालाच मुंडण समजावं, असं ठरलं. बापाची काही हरकत आली नाही.

पुढे लटारूचा एकुलता पोरगा, सुकलू, तापाने गेला. मंडई तोंडावर होती आणि लटारू पाटलांच्या खळ्यावर तालमीत होता. निरोप पोचून तो घरी आला तोवर पोरगा संपला होता. गाव हळहळलं, अगदी मनापासून. मग कोणीतरी हळूच विचारलं, आता दंडारीचं कसं? गुणवंतराव पाटील वाट काढण्यात पटाईत. ते म्हणाले, "सुतक लटारूले हाये. राणीले थोडीच हाये!"

आणि राणी उभी राहिली. नाटकात तिचा राजपुत्र मरतो, त्यावर तिचा विलाप असतो. त्या वर्षी लटारूने असा विलाप केला की आरमोरीहून आलेले लोकही पदराने, धोतराने डोळे पुसत होते. असा विलाप पुन्हा होणे नाही, असं गाव आजही सांगतं. मनकर्णा घरी एकटी बसून ऐकत होती. लटारू परतला तो कोरडा. आतलं सगळं मांडवात सांडून आला होता, घरी थेंबही आणला नाही. तिने वाट पाहिली. मग वाट पाहणंही सोडलं. पण त्याचे केस धुणं सोडलं नाही, कारण ते गावाचं काम होतं.

वर्षं गेली. गाव दर मंडईला राणीला रडवत राहिलं आणि लटारूला रडायचं राहून गेलं. त्याचे समोरचे दात पडले, आवाज फाटला. मग एका मंडईला विलापात "बाळा" म्हणताना तोंडातून वाराच सुटला आणि पोरं फिदीफिदी हसली. पोरांचं पाहून बाया हसल्या. मेलेला राजपुत्रही पडल्या पडल्या हलत होता.

सकाळी गुणवंतराव समजूत घालायला आले. लटारू ओट्यावर बसला होता, कानामागे रंग तसाच.

"मनावर नोको घेऊ, लटारू. पुढल्या वर्षी नागपूरहून दात बसवून आणू."

"बसवू ना, भाऊ," लटारू म्हणाला. "एक वर्ष अजून निघून जाईन."

मनकर्णा दारात आली. पाटलांसमोर ती कधी बोलली नव्हती. आताही बोलली ती नवऱ्याशीच.

"काल लोक कोणावर हासले, माहीत हाये का तुमाले? आपला सुकलू गेला तवा तुमी हेच बोल बोलले होते. तेवढंच होतं त्याच्यासाठी. त्याच्यावर हासले लोक."

गुणवंतरावांनी पान काढलं, पण तोंडात घातलं नाही.

लटारू उठला आणि मोहाच्या झाडाखाली धंदा मांडून बसलेल्या इस्तारी न्हाव्यापुढे जाऊन बसला. "काढ सारे."

इस्तारीने हात मागे घेतला. "पंचाईले विचारा लागते, दादा. गावाचे केस हायेत."

मागून मनकर्णा आली होती. "माहा पोट्टा गेला तवा गावानं मले विचारलं होतं का, इस्तारीभाऊ? तुमाले नाई जमत तं वस्तरा इकडे द्या."

इस्तारीने वस्तरा पाण्यात बुडवला.

गावाची राणी गेली. गावाला दुसरी मिळाली, मुखरूचा भाचा, गळा बरा आहे. लटारूच्या पदरात काय पडलं ते तेव्हा कोणी मोजलं नाही. उघड्या मानेला थंडी वाजू लागली. पावसाळाभर तालमी चुकवायच्या नसत म्हणून तो धान रोवायला कधी धड गेला नव्हता, तो बायकोच्या बाजूला चिखलात उभा राहू लागला. मिशी आली, ती पांढरीच आली.

पण हे नंतरचं. त्या दिवशी तो मोहाखालून घरी आला आणि चुलीजवळ बसला. मनकर्णा त्याच्या उघड्या डोक्याकडे पाहत राहिली. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते त्याने विचारलं.

"मी तालमीत होतो. सुकलू काय म्हणत होता?"

"पाणी मांगे," ती म्हणाली. "मंग तुमाले हाका मारे. मंग काईतरी बोलला... जाळ्याचं होतं. का डोंग्याचं." ती थांबली. "लय वर्षं झाली ना. आता नाई आठवत मले."

"आठव ना वं."

"नाई आठवत."

तेव्हा लटारू रडला. त्यात सूर नव्हता, ताल नव्हता, घशातून नुसती घरघर निघत होती. शेजारच्या गुणाबाईला वाटलं, याला काहीतरी चावलं. ती धावत आली, आत डोकावली आणि दार लोटून परत गेली.

मनकर्णा त्याला लागून बसली. काय होतं ते, जाळ्याचं की डोंग्याचं, ती आठवून पाहत होती.