आईची दोन वाक्यं

“सांगा ना वो आत्या, पुरस्कार कोणत्या पिक्चरले भेटाले पाहिजे होता?” माझी सून गुड्डी विचारत होती.

ओसरीत आम्ही तिघी तांदूळ निवडत होतो. मी नुसती मान हलवली. सोमवारी आंघोळीपासून सांजवातीपर्यंत मी बोलत नाही. सतरा वर्षं झाली, महादेवाला शब्द दिलाय.

“आज कायले विचारतेस तिले?” शेजारची बेबीबाई म्हणाली. “मंदाच्याच पिक्चरले भेटला, बरोबर झालं. मले त रडूच आलं बाप्पा!”

“काहीच्या काही! त्या दुसऱ्या पिक्चरात पोरी दोरीवर चालल्या. मंदाबाईनं काय केलं? चिखलात धानाचा रोवणा लावला. तो त आपण दरसाल लावतो!”

गुड्डीचा मुका घ्यावासा वाटला मला.

दोन वर्षांमागे आमच्या दिघोरीत शूटिंगवाले आले, तेव्हा पिक्चरमधल्या आईच्या कामासाठी त्यांनी आधी मला निवडलं होतं. शूटिंग नेमकं सोमवारी निघालं. “दोनच वाक्यं आहेत, मावशी,” साहेब विनवत होते. मी हात जोडले. पलीकडच्या धानाच्या बांधीतून मंदा आली आणि पदर खोचून उभी राहिली. लुगडं मात्र माझंच नेलं, हिरवं.

तो पिक्चर मी पाहिला नव्हता. न पाहताच तो वाईट असल्याचं गावभर सांगितलं होतं, सोमवार सोडून.

“पाह्य तरी,” म्हणत बेबीबाईने मोबाइल पुढे धरला.

माझं लुगडं नेसून मंदा चिखलात उभी होती. मुलगा बॅग घेऊन बांधावरून निघाला. मी त्या दोन वाक्यांची वाट पाहत राहिले. ती आलीच नाहीत. मंदाने मुलाकडे पाहिलं, धानाच्या रोपांची, पऱ्ह्यांची जुडी सोडली आणि पुन्हा वाकली.

“बोलणं काढूनच टाकलं त्याइनं,” बेबीबाई म्हणाली. “मुकी माय बरी दिसते म्हणे.”

निवडून झालेल्या तांदळात मी पुन्हा खडे शोधू लागले.

दिवेलागणीला मंदा पेढे घेऊन आली. पायरीवर बसली.

“धुरपता, साऱ्या गावानं सांगितलं, तूच राहिलीस. खरं सांग वो, माह्या पिक्चरले पुरस्कार भेटाले पाहिजे होता का?”

तुळशीपुढे पणती तयार होती. तेल होतं, वात होती. काडी ओढली की मला बोलावं लागणार होतं.

शेजारच्या घरांतून दिवे लागले. मंदा माझ्या तोंडाकडे पाहत बसली होती. सतरा वर्षांत पहिल्यांदाच माझी सांजवात उशिरा लागत होती, आणि मुठीतली आगपेटी घामाने ओली झाली होती.