आबांच्या डाव्या हातातली दोरी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे आणि मी जळकी आहे. दुसऱ्या कुणी तुमचे कान भरण्याआधी मीच सांगून टाकते. चिंचेने घासलं की माझ्यावरचा काळपटपणा जातो, पण हा जळकेपणा काही जात नाही. निदान अजून तरी गेलेला नाही.

जुन्नरच्या एका ओताऱ्याने मला ओतलं. त्याच्या दुकानात माझ्यासारख्या ढीगभर घंट्या टांगलेल्या होत्या. खोडदचे रखमाजी, म्हणजे आमचे आबा, तेव्हा तरणेबांड गडी होते. त्यांनी एकेकीला कानाशी धरून वाजवून पाहिलं. दुकानदाराने एक नक्षीवाली पुढे केली, तर आबा म्हणाले, "नक्षी काय बैलाला दाखवायचीय? हिचा आवाज बगा, पार शिवाराच्या कडंपतूर जाईल." आणि त्यांनी मला उचललं. त्या नक्षीवालीचं तोंड असं काही उतरलं म्हणता! आजही आठवलं की मला बरं वाटतं.

सोन्या बैलाच्या गळ्यात मी वर्षानुवर्षं वाजले. गाडी वेशीत शिरली की अख्ख्या आळीला कळायचं, रखमाजी आला. पण पोळा आला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वर्षभर राबायचं मी, आणि एका दिवसापुरत्या घातलेल्या झुलीचं सगळ्यांना कौतुक! पुढे सोन्या गेला, दारात ट्रॅक्टर आला आणि मी पडवीतल्या खुंटीवर जाऊन बसले. आमच्या गावाच्या शिवारात त्या मोठमोठ्या पांढऱ्या तबकड्या आहेत ना, त्या म्हणे आकाशातल्या ताऱ्यांचं ऐकतात. लांबून लांबून माणसं त्यांना बघायला येतात. एवढे मोठे कान गावात, पण माझ्याकडे एकही वळलेला नाही, याचा मला भारी राग यायचा.

मग एके दिवशी आबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. सगळं कळत होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. सुनेने, अंजनाने, मला खुंटीवरून काढलं, घासून लख्ख केलं, आबांच्या बाजेला बांधलं आणि माझी दोरी त्यांच्या डाव्या हातात दिली. मित्रांनो, खरं सांगू? सोन्याच्या गळ्यात असतानासुद्धा मला इतका मान नव्हता. दोरी हळू ओढली की पाणी हवं. जोरात ओढली की कूस बदलायची. आणि नुसतीच खुळखुळवली की जवळ येऊन बस. अंजना चुलीपाशी असो की गोठ्यात, हात पुसत धावत यायची. आबांची वाचा गेली नव्हती, ती माझ्याकडे आली होती.

पण उचलून-वळवून अंजनाची कंबर धरली. आबांचा मुलगा भरत तरकारीच्या गाडीवर असतो, दिवसभर घरी नसतो. त्याने आजाऱ्यांच्या घरी माणूस पाठवून देखभाल करणारी एक संस्था गाठली. संस्थेची माणसं आली ती दोन्ही बाजूंना कठडे असलेली लोखंडी खाट घेऊन. कठड्याला त्यांनी एक पांढरं बटण स्क्रूने पक्कं बसवलं, आबांच्या डाव्या खांद्यापाशी. ते दाबलं की स्वयंपाकघरातल्या डबीत गाणं वाजायचं. गाणं! सगळं घर आळीपाळीने ते बटण दाबून बघत होतं. आणि संस्थेचा माणूस माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हे जनावराचं इथं नको. पेशंटजवळ स्वच्छता पाहिजे."

जनावराचं म्हणे! मला सोडलं आणि खिडकीखाली बांधलेल्या चंद्री कालवडीच्या गळ्यात अडकवलं. खिडकीतून मला आबा दिसायचे आणि ते बटणही दिसायचं. गोरंगोमटं, गुळगुळीत, दोरी ओवायला नाक नाही आणि वाजायला जीभ नाही. माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही थांबेना.

माणसं गेल्यावर अंजनाच्या लक्षात आलं की आबांचे पाय दक्षिणेला येतायत. जित्या माणसाचे पाय दक्षिणेला? तसं तर मेलेल्याला ठेवतात. खाट जड, खोली अरुंद, ती काही फिरेना. मग घरच्यांनी सोपं केलं. उशी उचलून पायथ्याला ठेवली आणि आबांनाच उलटं निजवलं. पाय उत्तरेला आले, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बटण मात्र जिथं होतं तिथंच राहिलं. म्हणजे आता ते आबांच्या उजव्या गुडघ्यापाशी, लुळ्या बाजूला. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

देखभालीला वृषाली येऊ लागली. पोरगी वाईट नव्हती, हे मी दात-ओठ खाऊनच कबूल करते. अंघोळ घालायची, भरवायची, कठडे वर करायची आणि पलीकडे जाऊन बसायची. कुणी बोलावलं तर ती लगेच उठली असती. पण बोलावणार कोण आणि कशाने? फोनवर संस्थेला ती सांगायची, आबा लई शांत आहेत, कसलाच तरास न्हाई. अंजनाही शेजारणीला कौतुकाने सांगायची की आमचे आबा आता घंटी वाजवून बेजार करत नाहीत, त्यांना खाट मानवली.

मला खिडकीतून दिसत होतं ना काय मानवलं ते! आबा डावा हात वर उचलायचे, मूठ वळायचे आणि हवेत खाली ओढायचे. पुन्हा उचलायचे, पुन्हा ओढायचे. माझी दोरी ओढत होते ते. बटणाला नाही, मला बोलावत होते! पहिल्यांदा मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी मनातल्या मनात त्या बटणाला वेडावून घेतलं. मग आबांचे कोरडे ओठ दिसले आणि माझा सगळा आनंद विरला.

चंद्रीने जितक्यांदा मान हलवली तितक्यांदा मी वाजले. जीव तोडून वाजले. अंजना बाहेर आली, खिडकीकडे तिने पाहिलंही नाही. "काय गं चंद्रे, सारखी भूक लागती व्हय तुला?" म्हणत तिने गवताची पेंढी टाकली आणि ती आत गेली. माझा आवाज तोच होता, शिवाराच्या कडेपर्यंत जाणारा. पण आता तो आबांचा नव्हता, कालवडीचा होता. मी वाजले की चंद्रीला गवत मिळायचं आणि आबा तसेच तहानलेले राहायचे.

एका सकाळी मोहिनीबाई आल्या. घरोघरी देखभालीची माणसं पाठवणाऱ्या संस्था काम नीट करतात की नाही, ते तपासण्याचं काम त्यांच्याकडे होतं. अंजनाने घर सारवलं होतं, नवी चादर घातली होती. वृषालीची तर पाचावर धारण बसली होती. बाईंनी चहा बाजूला ठेवला. आबांना कुशीवर घेतलं तर माकडहाडावर जखम निघाली, चांगली रुपयाएवढी. वृषाली म्हणाली की मी वेळेवर कूस बदलते, मधे काही दुखलं-खुपलं असतं तर आबांनी बोलावलं नसतं का, बटण आहे की.

बाईंनी आबांना सरळ केलं. "आबा, समजा तुम्हाला आत्ता पाणी प्यायचंय," त्या म्हणाल्या. "मला खुणेने सांगू नका. रोज जसं बोलावता, तसं वृषालीला बोलवा."

आबांनी गुडघ्यापाशी असलेल्या त्या बटणाकडे पाहिलं. मग डावा हात वर उचलला, मूठ वळली आणि हवेत खाली ओढली.

बाईंना काही कळलं नाही. वृषालीलाही कळलं नाही. अंजनाला मात्र कळलं. "घंटी मागत्यात वो ते," ती म्हणाली. "मीच सोडली ती. मला वाटलं, आबा सुखात हायेत, म्हणून गप हायेत."

त्या वेळी खिडकीखाली चंद्रीने मान हलवली, आणि मी वाजले. तेवढ्या एका वेळेला ती मला कामी आली.

आता वृषालीची चांगली खरडपट्टी निघणार, बटण उकिरड्यावर जाणार, अशी मी वाट बघत होते. तसलं काही झालं नाही. बाईंनी स्क्रू काढून बटण आबांच्या डाव्या हाताखाली आणलं. आबांनी दाबलं, डबीत गाणं वाजलं, वृषाली धावत आली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या! वृषालीला बाई म्हणाल्या की चूक तुझ्या एकटीची नाही, तुला कठडे आणि बटण शिकवलं, माणसाला विचारायचं कुणी शिकवलं नाही. संस्थेला मात्र त्यांनी ठणकावलं. जखम भरेपर्यंत नर्स पाठवायची, आणि मुलींना नीट शिकवल्याशिवाय एकाही नव्या घरचं काम घ्यायचं नाही. रोज सकाळी आजाऱ्याने स्वतः बोलावून दाखवायचं आणि कुणीतरी यायचं, त्यानंतरच बाकीची कामं.

आणि मी? अंजनाने मला उकळत्या पाण्यातून काढलं, पुन्हा लख्ख केलं आणि डाव्या कठड्याला बांधलं, बटणाच्या शेजारी. होय, शेजारी. वृषाली हवी असली की आबा बटण दाबतात, अंजना हवी असली की मला ओढतात. कुणाला जास्त बोलावलं, यावर माझं बारीक लक्ष असतं. चंद्रीच्या गळ्यात नवी घंटी आलीय, तिचा आवाज अगदी फुटका आहे. हे मी जळून बोलत नाही. बरं, जळूनच बोलते.

जखम भरत आली तेव्हाची गोष्ट. दुपारी आबांनी माझी दोरी खुळखुळवली. अंजना पिठाचे हात घेऊन धावत आली. धावण्याच्या नादात खूण विसरून तिने विचारलं, पाणी? नको. कूस? नको. आबा नुसते तिच्याकडे बघत राहिले, आणि अर्ध्याच तोंडाने हसले. बोलावलं की कुणी येतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. अंजना तिथंच बसून राहिली, तव्यावरची भाकरी करपली तरी उठली नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल. ते माणूस फार शांत झालं, तरास देईनासं झालं, तर लगेच कौतुक करू नका. आधी त्याच्या खाटेपाशी जा आणि त्याचा हात कुठपर्यंत पोचतो ते बघा.