तीन वाटांवरचा उतारा

"वहिनी, राग येऊ देऊ नका, पण एक सांगते," भीमाबाई हंडा खाली ठेवत म्हणाली. "त्या तीन वाटांवर तुमी खायाचं ठिवता न्हवं, ते नका ठिवू. आमची रतन उचलून खाती. लई मारलं तिला. ऐकत न्हाई."

पंकजा हौदापाशी धुणं पिळत होती. भीमाबाई पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळीतली. टोळीच्या कोप्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या झोपड्या, पंकजाच्या सासरच्या पडीक तुकड्यात पडल्या होत्या आणि प्यायचं पाणी वस्तीवरच्या हौदातून जायचं. आपलं पाणी नेणारी बाई आपल्याला शिकवते, हेच आधी पंकजाला टोचलं.

"पोरगी तुमची आहे, तुम्ही आवरा," ती म्हणाली. "उतारा काय घरात ठेवतात?"

"आवरीन वं. पण मी दिवसभर फडात. ती धाकट्याला घिऊन कोपीवर. भूक लागती तिला. तुमच्या लेकराचं काय असंल ते माझ्या लेकरावर नगं यायला, येवढंच."

"तुम्ही मानता हे असलं?"

भीमाबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. "तुमी न्हाई मानत?"

पंकजानं नगरला राहून बीएस्सी केलेली. पिळलेली साडी तिनं जोरात झटकली, तिचे शिंतोडे भीमाबाईच्या तोंडावर उडाले, आणि ते उडाल्याचं दिसूनही पंकजा साडी वाळत घालायला वळली.

आता ती उतारा का ठेवत होती, ते सांगायला हवं. सोनईपासून थोडी आत त्यांची वस्ती. तिन्ही बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूनं रस्ता. मुलगी राजनंदिनी रांगायची थांबून चालायला लागली आणि पंकजाला स्वप्न पडू लागलं. दर वेळी तेच. दिवस मावळतोय. बांधावर मूल पाठमोरं बसलंय, मान खाली घालून. वारं नसताना मागचा ऊस हलतोय. पंकजा हाक मारायला जाते तर गळा बंद. मग ऊस हलायचा थांबतो आणि बांधावर कुणी नसतं. बिबट्या कधी दिसायचाच नाही. दिसला असता तर बरं, असं तिला जाग आल्यावर वाटायचं. जे दिसतं त्याच्यावर नजर तरी ठेवता येते.

आणि नजर ठेवण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पोरीच्या पैंजणाला तिनं जादा घुंगरं लावून घेतली होती. अंगणात मोठे बल्ब लावले होते. दिवस कलला की पोर घरात आणि दाराला कडी. तालुक्यात कुठं बिबट्या दिसला, कुणाची शेळी गेली, कुणाचं वासरू, सगळं तिच्या मोबाईलमध्ये होतं.

"दिवसभर मोबाईलमध्ये बिबटेच हिंडवतेस," नवरा, करण, म्हणायचा. "रात्री त्यांनी जायचं कुठं? तुझ्याच डोक्यात मुक्काम."

गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, मूल अंगावर पितंय, झोप तुटते, तुटक्या झोपेत असलं दिसतं, हळूहळू जाईल. माहेरहून आई फोनवर म्हणाली, स्वप्नात वाईट झालं तर त्या जिवाचं आयुष्य वाढतं, तू पेढे वाट. मोबाईलवर तिनं स्वतः वाचलं की असलं स्वप्न म्हणजे आईला मुलाचा आतून झालेला कंटाळा. ते वाचून ती दिवसभर पोरीला कडेवरून खाली ठेवेना. ज्याला विचारावं त्याचा अर्थ वेगळा, आणि स्वप्न आपलं जागेवर.

शेवटी सासू, चांगुणाबाई, म्हणाल्या, "अर्थ काय लावीत बसलीस? बाधा हाय. उतारा टाक."

केळीच्या पानावर दहीभात, वर उकडलेलं अंडं, कुंकू आणि लिंबाची फोड. दिवेलागणीला पोरीवरून ओवाळायचं, कुणाशी न बोलता चालत जायचं, तीन वाटा मिळतात तिथं ठेवायचं आणि परत यायचं. येताना मागं वळून बघायचं नाही. बघितलं की उतरलेलं पुन्हा अंगावर येतं. दारात पाय धुवायचे, टाचांसकट, मग आत.

पहिल्या दिवशी पंकजाला हसू आलं होतं. त्या रात्री स्वप्न पडलं नाही.

याचाही काहीतरी अर्थ डॉक्टरांनी सांगितला असता. तिनं विचारलाच नाही. आधी अमावस्येला, मग शनिवारी, मग मनात पाल चुकचुकली की लगेच, असं करता करता रोजचंच झालं. सकाळी पान चाटूनपुसून रिकामं असायचं. "घेतलं बघ," चांगुणाबाई म्हणायच्या, आणि पंकजाचा जीव भांड्यात पडायचा.

भीमाबाई बोलून गेल्यावर तो घेणारा कोण, हे तिला कळलं. कुणालाही वाटेल की ती थांबली असेल. तिनं रात्रभर विचार केला आणि तिच्या शिकलेल्या डोक्याला एक हिशेब जमला: पान कुत्र्यानं खाल्लं असतं तर कुत्र्यावर गेलं असतं, पण हे माणसाच्या पोटात जातंय, म्हणूनच पुरतं उतरतंय. हे ती कुणाला बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पानावर अंडी दोन ठेवली.

रतन एकदा हौदावर भेटली. सहा-सात वर्षांची, उन्हानं केस तांबडे झालेले, कडेवर भाऊ. भाऊ तिच्या निम्म्यानं तरी होता, त्यामुळं ती एका बाजूला कलून उभी.

"आज अंडं हाय का?" तिनं सरळ विचारलं.

"ते तुझ्यासाठी नसतं."

"मग कुणासाठी?"

पंकजानं बादली हौदात सोडली.

"त्याला अंडं आवडत न्हाई वाटतं," रतन म्हणाली. "कधी येतच न्हाई खायाला. मीच खाते. आईला नका सांगू."

"नाही सांगणार," पंकजा म्हणाली, आणि हा शब्द तिनं पाळला.

फड उरकत आला. चारी अंगांनी तोड होत होत मधे उसाचा एकच पट्टा राहिला, नेमका तीन वाटांना लागून. एका दुपारी मुकादम गोरक्ष मोटरसायकलवरून कोप्यांवर आणि मग वस्तीवर ओरडून गेला, पट्ट्याच्या कडेला ठसे दिसलेत, पोरं बाहेर सोडू नका. टोळी मात्र पलीकडं ट्रॉली भरत होती. ती भरल्याशिवाय कुणाला हलता येत नव्हतं.

ठशांचं ऐकून पंकजानं पोरीला आत घेऊन कडी लावली. पोरीला पाजता पाजता तिचा डोळा लागला आणि तेवढ्यात स्वप्न पडून गेलं, भर दुपारी. असं कधी झालं नव्हतं. ती उठली आणि तिनं तांदूळ धुतले.

"आज राहू दे गं," चांगुणाबाई म्हणाल्या. "ठसे दिसलेत म्हणत्यात."

"आजच तर हवं."

"अगं पण एकली जाशील?"

"तिथं ठेवायचं आणि यायचं. तुम्ही हिला धरा. सोडू नका."

रतन रोज येते, आजही येणार, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. गोरक्षचा निरोप कोपीवर गेलाय, म्हणजे आज ती येणार नाही, असं तिनं वाटेत मनाला सांगितलं. मग आज पान कोण घेणार, असंही लगेच मनात आलं, आणि ती पोर यावी असं तिला वाटलं.

तिनं पान ठेवलं. वळली. चालायला लागली.

थोडं पुढं आल्यावर मागं अनवाणी पावलं वाजली. हलकी, घाईची. ही पावलं आता तिच्या ओळखीची झाली होती. आज कडेवर भाऊ नसावा; तो असला की एक पाय जड पडायचा. पावलं थांबली. मग पाचट वाजलं. वारं नव्हतं. मग एक आवाज आला, खाताना ठसका लागावा तसा, अर्धाच. आणि पाचटावरून काहीतरी ओढत गेलं.

पंकजा थांबली. मान वळायला निघाली होती. ओरडायला गळा अगदी मोकळा होता, स्वप्नासारखा बंद नव्हता. ट्रॉलीपाशी बारा माणसं कोयते घेऊन उभी होती आणि तिची एक हाक तिथवर सहज गेली असती.

तिनं मान सरळ केली. धावलीसुद्धा नाही. दारात येऊन पाय धुतले, टाचांसकट. सासूच्या हातून राजनंदिनीला घेतलं, तिच्या केसांत नाक खुपसलं आणि कडी लावली.

"ठेवलंस?"

"ठेवलं."

"मागं न्हाई ना बघितलं?"

"नाही."

बऱ्याच वेळानं कोप्यांकडून हाक ऐकू आली. "रतने. ए रतने." आधी चिडलेली, मग नुसती लांब. मग बॅटऱ्या, ट्रॅक्टरचे दिवे, करणचा आवाज, डबे बडवणं. पंकजा पलंगावर पोरीला कवटाळून पडून होती, आणि खोटं कशाला सांगायचं, तिला झोप लागली. उन्हं तोंडावर आल्यावर जाग आली. तोवर पट्ट्याच्या मधोमध पोर सापडली होती. हाताच्या मुठीत भात होता, असं करण म्हणाला, आणि तो जेवला नाही.

पिंजरा लागला. पंचनामा झाला. मोबाईल घेऊन माणसं आली आणि ती वाट, ते पान, सगळं दाखवून गेली. चांगुणाबाईंनी देवापुढं नारळ फोडला. "आपल्यावरचं गेलं गं," त्या हळूच म्हणाल्या. "गरिबावर गेलं, पण गेलं." त्या नारळाचं खोबरं पंकजानं पोरीला भरवलं.

दोन दिवसांनी भीमाबाई पाण्याला आली. तिची तोड परत सुरू झाली होती. ऊस वाळू देऊन चालत नाही. धाकटा पाठीला फडक्यानं बांधलेला. ती भांडायला आली असती तर पंकजाकडं उत्तरं तयार होती: निरोप पोचवला होता, पोरगी तुमची, वाट सगळ्यांची. भीमाबाई भांडली नाही.

"वहिनी, तुमी त्या टायमाला तिथनंच आल्ता म्हणं," ती म्हणाली. "काय दिसलं का?"

"मी मागं बघितलं नाही."

भीमाबाईनं मान हलवली. "व्हय. बघायचं नसतंय." मग हंडा भरेपर्यंत थांबली. "ऐकू काय आलं का? हाक मारली का तिनं मला?"

"नाही," पंकजा म्हणाली. हे खरं होतं.

"मारली असती तर मी ऐकलं असतं न्हवं? येवढं काय लांब न्हवतं."

पंकजानं हंडा तिच्या डोक्यावर चढवायला हात दिला. तो हात भीमाबाईनं घेतला, आणि "देव तुमचं भलं करो" म्हणाली. बोलायची सवय असते, तशी. टोमणाही असेल. पंकजानं त्याचाही अर्थ बरेच दिवस लावून पाहिला.

स्वप्न पुन्हा पडलं नाही, आजपर्यंत एकदाही नाही. चांगुणाबाईंनी ही गोष्ट आसपासच्या वस्त्यांवर सांगितली, आणि आता रात्री दचकून उठणाऱ्या लेकुरवाळ्या पंकजाकडं येतात. दही किती, अंडं सोलून की तसंच, विचारतात. ती सगळं नीट समजावून देते, शिकलेल्या बाईसारखं. आणि मागं वळून बघायचं नाही, हे दोनदा सांगते.

भीमाबाईची टोळी पुढं कुठं गेली, ते तिला माहीत नाही. तिनं विचारलंही नाही. तुम्ही विचारा. यंदा तुमच्या शिवारात तोड सुरू झाली असेल तर दिवस मावळायच्या आधी कोप्यांकडं एक चक्कर टाका. पाथर्डीकडची उंच बाई आहे, डाव्या भुवईवर कोयत्याचा जुना वण. तिचा धाकटा आता चालायला लागला असेल, आणि त्याला सांभाळायला मागं कुणी उरलेलं नाही. ती फडात असेल. तो कुठं आहे, तेवढं बघून या.